दुसऱ्याचे दुःख पाहण्याचा अधिकार

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही. आता वय चौऱ्याहत्तर. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे टाळकऱ्यांच्या आणि पखवाजाच्या मध्ये उभा राहून बोललो. आता ओसरीवर बसून ऐकतो. बोलण्याची सवय सुटून ऐकण्याची लागली की माणसाला स्वतःचेच जुने बोल ऐकू येऊ लागतात. त्यांतला एक बोल मला माझ्या नातीने ऐकवला. तो गोड नव्हता. पण वारकऱ्याने आपल्या उण्या गोष्टी संतांच्या घरी उघड करायच्या असतात, म्हणून येथे सांगतो.

नात पुण्याला चित्रकला शिकते. माघात घरी आली तेव्हा तिने एक कागद माझ्यापुढे धरला. युरोपातल्या एका विद्यापीठाचा उन्हाळ्यातला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. त्यात कला, पर्यावरण आणि पर्यावरणीय न्याय हे तीन विषय एकत्र शिकवतात. जगातून वीस-पंचवीस मुले निवडतात, नदीकाठी, जंगलात, जुन्या खाणींच्या गावात हिंडवतात, आणि जे पाहिले त्याची चित्रे, शिल्पे, नाटके करायला लावतात.

मी विचारले, "कला समजली, पर्यावरणही समजलं. हा पर्यावरणीय न्याय म्हणजे काय गं?"

ती म्हणाली, "आबा, धूर एकाच्या कारखान्याचा आणि खोकला दुसऱ्याच्या लेकराला. पाणी एकाच्या उसाला आणि घागर दुसरीच्या डोक्यावर. ही वाटणी कशी झाली आणि ती मोडायची कशी, त्याचा अभ्यास."

मला तिचे उत्तर आवडले. इतके आवडले की पूर्वीचे दिवस असते तर त्याच रात्री कीर्तनात वापरले असते. पुढे ती म्हणाली की निवडीसाठी आपल्या भागावरची सहा चित्रे पाठवायची आहेत आणि ती ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची काढणार आहे.

माझ्यातला जुना शिक्षक जागा झाला. मी म्हणालो, "त्या बायांना विचारलंस का? त्यांचं दुःख कागदावर काढून तू परदेशाचं तिकीट मिळवणार. त्यांना त्यातलं काय?"

पोर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही कीर्तनात त्यांचा दृष्टांत द्यायचा. तुम्ही विचारलं होतं?"

ओसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

दृष्टांतातली बाई

ज्यांनी माझी कीर्तने ऐकली असतील त्यांना तो दृष्टांत आठवेल. ऊसतोडीच्या फडावर एक बाई बाळंत होते. मुकादमाचा खाडा नको म्हणून तिसऱ्या दिवशी कोयता हातात घेते, आणि उसाच्या सरीतच प्राण सोडते. लेकरू पाचटावर रडत राहते. तिथे मी थांबायचो. पखवाजही थांबायचा. मंडपातल्या आयाबाया पदर डोळ्यांना लावायच्या. मग मी करुणेच्या निरूपणाकडे वळायचो. तो दृष्टांत मी बीड, परभणी, नगर, धाराशिव, सगळीकडे सांगितला. त्याच्यावर माझी तारीख लागायची असे म्हटले तरी चालेल.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी वैशाखात सप्ताह होता. त्या दिवसांत टोळ्या कारखान्यांवरून परतलेल्या असतात. कीर्तन संपले, लोक पाया पडून जाऊ लागले. शेवटी एक बाई आली. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे होते. म्हणाली, "महाराज, लई ग्वाड सांगितलं बघा. पर एक इचारू का? ती बाई मरती काहून?"

मी म्हणालो, "माउली, दृष्टांत आहे तो."

"ते समजलं. मेलेल्या बाईसाठी समदे रडले. जी मरत न्हाई, दर साली जाती आन् दर साली येती, तिचं कुणी सांगत न्हाई. तुमी कधी फड बघितला का?"

मी फड पाहिला नव्हता. पाच-पन्नास वेळा त्याचे वर्णन केले होते, पण पाहिला नव्हता. ज्या गोष्टीचे प्रमाण प्रत्यक्ष असते तिथे मी ऐकीव शब्दावर भागवले होते, आणि तेही आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे प्रमाणांची चर्चा शिकून! १९१७ साली जोग महाराजांनी ती संस्था उभी केली ती कीर्तनकाराने जे बोलायचे ते तपासून बोलावे यासाठीच, असे माझे गुरुजी म्हणत.

पुढच्या पौषात मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या भागात गेलो आणि आमच्या गावच्या टोळीत चार दिवस राहिलो. पाचटाच्या कोप्या होत्या, दार म्हणजे एक जुने लुगडे. पहाटे तीनला बायका उठत. भाकरी थापून, लेकरांना झोपेतच उचलून फडावर. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोन माणसे, पण हिशोबाच्या वहीत एकच कोयता. तो तोडायचा, ती साळायची, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचे. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत देह मुकादमाकडे गहाण. आजारी पडले तर खाडा आणि खाड्याचा दंड. मी रात्री कोपीपुढे कीर्तन मांडले. आठ जण बसले, त्यांतले सहा बसल्या बसल्या झोपले. पन्नास वर्षांत मला मिळालेली ती सगळ्यात खरी दाद असावी.

आता या कहाणीतला माझा खरा दोष सांगतो. परत आल्यावर मी तो दृष्टांत सुधारला. पहाटेचे तीन, लुगड्याचे दार, मोळीचे ओझे, सगळे आले त्यात. कीर्तन अधिक रंगू लागले. माझी बिदागी वाढली. तिची उचल फिटली नाही. म्हणजे न पाहता बोललो तो एक दोष, आणि पाहून आल्यावर त्या पाहण्याचा व्यापार केला तो दुसरा. हा दुसरा अधिक मोठा, कारण त्यात मला पुण्य केल्याचे समाधानही मिळत होते.

नातीच्या प्रश्नात हे सगळे होते. तिला ठाऊक नसेल, पण होते.

चार गोष्टींचा विचार

मग मी शास्त्राकडे वळलो. आमच्या अभ्यासात कोणताही ग्रंथ हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहत: अधिकारी कोण, विषय काय, संबंध कोणता आणि प्रयोजन काय. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. शास्त्रात संबंध म्हणजे ग्रंथ आणि त्याचा विषय यांच्यातला संबंध. मी तो शब्द येथे थोडा ऐसपैस घेतो, जाणकारांनी क्षमा करावी.

नातीच्या अभ्यासक्रमात विषय उत्तम आहे. प्रयोजनही वाईट नाही. अधिकारी कोण हे तिथले गुरुजन पाहतील. प्रश्न राहतो तो संबंधाचा. ज्याचे दुःख मी शिकायला घेतो त्याचा आणि माझा संबंध काय? तो सहा आठवड्यांनी संपणारा आहे का? त्या संबंधात त्याला 'नको' म्हणायला जागा आहे का? माझ्या दृष्टांतातल्या बाईला ती जागा नव्हती. म्हणून तर मी तिला दर कीर्तनात मारू शकलो.

पाहणे हे वाईट नाही. वारीला आपण निघतो ते पाहण्यासाठीच. पांडुरंगाला डोळे भरून पाहायचे म्हणून अडीचशे-तीनशे किलोमीटर पाय झिजवतो. पण वारीतल्या पाहण्याला तीन कुंपणे आहेत. पहिले, पायी जायचे. म्हणजे वाटेतल्या ऊन-पावसाचा वाटा आपल्यालाही मिळतो. दुसरे, पुढल्या वर्षी पुन्हा जायचे; एकदा गेला त्याला आपण वारकरी म्हणत नाही. आणि तिसरे, समोरच्याच्या पाया पडायचे. मग तो कोण, कुठला, हे विचारायचे नाही. ही तिन्ही कुंपणे ज्या शिक्षणाला आहेत ते शिक्षण वारीच्या जातीचे. ज्याला नाहीत ते प्रवासवर्णन.

सावतोबा आणि नामदेवराय

आमच्या गावातले एक जुने माळकरी म्हणाले, "कशाला पाठवता पोरीला? सावतोबा कुठं गेले होते? अरण सोडून पंढरीलासुद्धा गेले नाहीत. मळ्यात राबले आणि देवच त्यांच्याकडे आला."

म्हणणे खोटे नाही. पांडुरंगाची पालखी आजही अरणला सावता महाराजांच्या भेटीला जाते. ज्याला आपल्या वाफ्यात, मोटेच्या पाण्यात, भाजीच्या पानात देव दिसला त्याला कुठे जायचे कारणच उरले नाही. आपल्या मातीचे इतके पूर्ण ज्ञान कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही.

पण त्याच परंपरेत नामदेवराय आहेत. गोरोबाकाकांनी थापटी घेऊन संतांची मडकी तपासली तेव्हा नामदेव कच्चे निघाले, ही कथा आपण सगळे सांगतो. पांडुरंगाशी रोज बोलणारा हा लाडका भक्त घरात राहून पक्का झाला नाही. त्याला विसोबांकडे जावे लागले, पुढे तीर्थे हिंडावी लागली, आणि शेवटी ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. तिथली भाषा शिकले, तिथल्या लोकांत राहिले, आणि आज शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. परक्या मुलखाने त्यांना आपले केले, कारण ते पाहुणे म्हणून परतीच्या दिवसाकडे डोळे लावून बसले नव्हते.

तेव्हा घरी राहावे की बाहेर जावे, या प्रश्नाला संतांनी एकच उत्तर दिलेले नाही. सावतोबा एका जागी राहून पूर्ण झाले, नामदेवराय जग फिरून. दोघांनीही जे समोर होते त्याच्याशी नाते जोडले, हा दोघांतला समान धागा.

आणि बाहेरून आपल्याकडे आलेलेही आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या काही महाविद्यालयांची मुले दर वर्षी पुण्यात येत, मराठी घरांत राहत, मराठी शिकत. एलिनॉर झेलियट नावाच्या तिकडच्या प्राध्यापिकेने तर चोखोबारायांचा आणि डॉ. बाबासाहेबांच्या चळवळीचा अभ्यास करण्यात हयात घालवली. गी द्ल्यूरी नावाचे फ्रेंच पाद्री वारीत चालले आणि विठ्ठलसंप्रदायावर ग्रंथ लिहिला. गी पॉइटविन हे दुसरे फ्रेंच गृहस्थ. ते पुण्याला येऊन राहिले आणि इथलेच झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी खेडोपाडी हिंडून आपल्या आयाबहिणींच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक! आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ साली झाले. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ओवी कोणत्या बाईने म्हटली, तिचे नाव आणि तिचे गाव त्यांनी ओवीबरोबर लिहून ठेवले. मी पन्नास वर्षे आईच्या, आजीच्या ओव्या कीर्तनात गायल्या आणि 'एक माउली म्हणते' एवढ्यावर भागवले. तो परदेशी माणूस नाव विचारून गेला. परका कोण आणि आपला कोण, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

आठवा भाग

अंबाजोगाई आपल्या जिल्ह्याची काशी. मुकुंदराजांची समाधी तिथे, दासोपंतही तिथले. दासोपंतांची पासोडी काहींनी पाहिली असेल. सुमारे चाळीस फूट लांब कापड आणि त्यावर पंचीकरणाचा सगळा विचार शब्दांनी आणि आकृत्यांनी मांडलेला. कागद सोडून त्यांनी अंगावर पांघरायचे वस्त्र का घेतले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्ञान पांघरता यावे, अंगाला लागावे, असे त्यांना वाटले असावे. नातीला मी सांगितले, कला आणि पर्यावरण एकत्र शिकवणारी ही आपल्याकडची चारशे वर्षांपूर्वीची शाळा आहे. जाण्यापूर्वी ती बघून घे.

पंचीकरण म्हणजे काय? पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही भुते एकमेकांत कशी मिसळली ते सांगणारे शास्त्र. त्याचा हिशोब असा: प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग त्याचा स्वतःचा, आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या चौघांचा प्रत्येकी आठवा भाग. मातीच्या ढेकळात आठवा भाग पाणी आहे, आठवा भाग वारा आहे. निव्वळ स्वतःचे असे जगात काही नाही.

मी हा भाग शेकडो वेळा शिकवला, पण तो देहाच्या बाहेर नेऊन पाहिला नव्हता. आता पाहतो. एकादशीच्या साबुदाण्यात आपण चिमूटभर साखर घालतो. त्या साखरेत आठवा भाग बालाघाटच्या डोंगरातल्या बाईच्या घामाचा आहे. आष्टी, पाटोदा, शिरूरच्या माळावर पाऊस रुसतो, विहिरी पौषातच तळ दाखवतात, म्हणून जिथे पाणी आहे तिथला ऊस तोडायला इथली माणसे जातात. ज्याच्या वाट्याला पाणी आले नाही, त्यानेच दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेले पीक कापायचे! २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी करवली. ८२ हजारांहून अधिक बायका तपासल्या, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. सणवार, विटाळ, बाळंतपण, कशाचाही खाडा परवडत नाही, त्यात पोटाचे दुखणे आणि डॉक्टरांनी घातलेली भीती. हा आकडा वाचला त्या दिवशी मी जेवलो नाही. पण न जेवण्याने काय होते?

नाथमहाराजांची गोष्ट आठवते. काशीहून रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड खांद्यावर, वाटेत तहानेने तडफडणारे गाढव. नाथांनी कावड त्याच्या तोंडी ओतली आणि रामेश्वर तिथेच पावला म्हणाले. गोदावरीच्या तापल्या वाळूत चुकलेले अस्पृश्याचे लेकरू त्यांनी कडेवर घेतले, तेव्हाही आधी त्यांना दिसले ते त्याचे पोळणारे पाय. गाढवाची तहान आणि लेकराचे पाय. पाणी आणि ऊन हे सगळ्यांना सारखे नसतात, ही गोष्ट नाथांनी कृतीने शिकवली. आणि त्यांनी गाढवाचा दृष्टांत केला नाही, पाणी पाजले. दृष्टांत आपण केला.

वारीमागे राहते ते

दुसऱ्याला विचारण्याआधी आपल्या दारातही पाहावे. नाथांची पालखी पाटोद्याकडून जाते, मुक्ताईची बीड शहरातून. लहानपणी दिंडीत पळसाच्या पत्रावळी असत. दोन पावसांत माती होऊन जात. मग थर्माकोल आले, प्लास्टिकचे पेले आले. २०१८ साली सरकारने त्यांच्यावर बंदी घातली, तेव्हा आपल्यातलेच काहीजण कुरकुरले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने 'पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी' म्हणून शाहिरांची, कलापथकांची मंडळी पालखीबरोबर पाठवायला सुरुवात केली. भारुडे, पोवाडे गाऊन ती लोकांना सांगतात. नातीच्या कागदावरचे तीन विषय तिथे पायी चालतात म्हणायचे.

पण आणखी एक गोष्ट आहे, जी आपण कीर्तनात बोलत नाही. लाखो माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात उतरत. मागे जी घाण राहायची ती कोण उचलत होते? पंढरपुरात माणसांकडून हाताने मैला उचलून घेतला जातो, याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाने वाळवंटातल्या राहुट्यांना मनाई केली, शौचालयांची सोय करायला लावली, आणि ६५ एकरांवर वारकऱ्यांसाठी वेगळा तळ झाला. तेव्हा मला राग आला होता. वाळवंटात कीर्तन ही आपली शतकांची रीत, त्यात कोर्टाचे काय काम, असे मी म्हणालो होतो. आज मी तसे म्हणणार नाही. मंगळवेढ्याचा गावकूस बांधताना भिंत कोसळून चोखोबाराय मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी दिली. त्या पायरीला डोके टेकवून आपण आत जातो. ज्या संप्रदायाने मजुराच्या अस्थी महाद्वारात ठेवल्या, त्या संप्रदायाची घाण कोणा चोखोबाच्या लेकराने हाताने उचलावी, ही गोष्ट आपल्याला शोभत नव्हती. आपल्याला ती दिसायला कोर्ट लागले.

इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिले. दिंडीत सगळे एकत्र चालतात, एकत्र गातात, पण चुली मात्र जातीजातीच्या वेगळ्या मांडतात, हे त्यांना सलले. कुणी बाहेरच्या नजरेने पाहिले की असे दिसते. नजर बाहेरची असली तरी ती माणूस आपल्यातली होती, पायी चालली होती, म्हणून तिचे बोलणे मानावे लागते.

जी मरत नाही तिचे काय करायचे

त्या बाईच्या प्रश्नाला मी पुढे काय उत्तर दिले, ते वाचक विचारतील. फार मोठे काही नाही. तो दृष्टांत मी सोडला. आमच्या गावातून टोळ्या निघाल्या की लेकरांची शाळा बुडे. म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या जिवावर थोडी मुले मागे राहत. त्या हंगामात आमच्या मंडळींनी तीन लेकरे घरात ठेवून घेतली. पुढल्या हंगामात पाच. पुढे सरकारची हंगामी वसतिगृहे सुरू झाली तोवर हे चालले. स्वयंपाक तिने केला, उवा तिने काढल्या, रात्री भ्यालेल्या पोरांजवळ ती निजली. मी काय केले? मी नको म्हटले नाही, आणि बिदागीतला काही वाटा धान्याला दिला. पन्नास वर्षांचा कीर्तनकार करुणेवर बोलत राहिला आणि करुणा स्वयंपाकघरात होती.

हे मी नातीला त्या दिवशी ओसरीवर सांगितले. तिला आजीची ती पोरे आठवत नव्हती. तिचा जन्म नंतरचा.

ती उठून वस्तीवर गेली. रंगाची पेटी घरीच ठेवली. चार-पाच दिवस नुसतीच जाऊन बसत होती, एका म्हातारीला दळण आणून देत होती. टोळ्या अजून परतल्या नव्हत्या, पण गुडघे गेल्यामुळे तोडीला न जाणाऱ्या दोघी-तिघी घरी होत्या. शेवटी तिने एकीला विचारले, "मावशी, तुमचं चित्र काढू का? ते परदेशात पाठवीन. त्याच्यावर मला तिकडं जायला मिळेल कदाचित."

मावशी म्हणाल्या, "काढ की. पर बसलेली काढ. हुबी तर जलमभर ऱ्हायले."

नातीने त्यांना बाजेवर बसलेले काढले. मागे कोयता नाही, डोक्यावर मोळी नाही. मांडीवर नातवंड आणि तोंडात तंबाखू. खाली मावशींचे नाव आणि गावाचे नाव, त्यांना विचारून. एक प्रत त्यांच्या घरात कुडाला लावली. दुसरीने साफ नकार दिला. नात तिला नमस्कार करून उठली. सहाच्या जागी चारच चित्रे गेली. तरी निवड झाली.

आता खरी अडचण. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला ज्येष्ठ-आषाढ. अभ्यासक्रम नेमका वारीच्या दिवसांत. दहाव्या वर्षापासून ही पोर माझे बोट धरून, आणि आता मी तिचे धरून, दिंडीत थोडी तरी वाट चालते. नेम मोडायचा का? सून म्हणाली, तुम्ही म्हणाल ते. शेजारचे माळकरी म्हणाले, वारी चुकवून कसले शिक्षण.

मी दोन रात्री विचार केला. १९७२ चा दुष्काळ मला आठवला. मी तेव्हा विशीत होतो. आळंदीहून परतलो तर गाव खडी फोडायला गेलेले. त्या साली घरात जी भाकरी होती ती मिलोची, अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची. चवीला आवडत नसे, पण तिने जगवले. कुणा परक्या शेतकऱ्याने पेरले ते आमच्या ताटात पडले. त्याचे नाव आम्ही विचारले नाही, त्याने आमचे. ते ऋण माझ्या अंगात आहे. परक्या मुलखाला जाऊन तिथली पोळलेली माती पाहणे आणि आपली सांगणे, यात त्या ऋणाची थोडी फेड होत असेल तर ते वारीच्या आड येत नाही.

मी तिला जा म्हणालो. तीन नेम दिले. तिथे ज्या गावात जाशील तिथे आधी एखाद्या माणसाचे नाव विचार, मग रंग काढ. आषाढी एकादशीला उपास कर आणि जी नदी जवळ असेल तिच्या काठाने मैलभर पायी चाल. आणि परत आलीस की आधी मावशींकडे जा. काय पाहिलेस ते त्यांना बसून सांग, त्या विचारतील तितका वेळ. मावशी कंटाळल्या तर समज की तू अजून कच्ची आहेस.

तिसऱ्या नेमाला ती हसली. मी हसलो नाही, कारण तो मला कुणी दिला नव्हता. फडावरून परतल्यावर मी त्या बाईकडे गेलो नाही. तिचे नावही विचारले नव्हते. आज ती कुठे असेल, असेल की नसेल, मला शोधता येत नाही. माझ्याकडून एवढे राहिले ते राहिले.

यंदा ज्यांचे पाय चालते आहेत त्यांना माझी एक विनंती. मुक्कामावर जो टँकरवाला पाणी देतो, सकाळी आपण निघाल्यावर जी बाई मागची जागा झाडते, त्यांच्या आपण पाया पडतोच. पाया पडताना त्यांचे नाव विचारा. पुढल्या वर्षी त्याच मुक्कामावर गेलात की त्या नावाने हाक मारा. मला आता ओसरीवरून तेवढे करता येणार नाही.

रामकृष्णहरी.